मुलुंडची पावडर आणि तिसरा माणूस : प्रस्तावना

मराठी घरात बारसं असलं की एक भेट हमखास यायची. पारदर्शक झाकणाचा खोका, आत साबण, तेल आणि पावडरचा पांढरा डबा. एका बारशाला असे चार-पाच खोके जमत. त्यातले दोन फोडायचे आणि उरलेले कपाटावर ठेवून पुढच्या बारशांना फिरवायचे, हा रिवाज. ज्या आजींना ‘जॉन्सन अँड जॉन्सन’ हे नाव धड उच्चारता येत नसे, त्याही दुकानात जाणाऱ्या नातवाला ‘जॉन्सनचीच आण हो’ म्हणून बजावत. मुलुंडकरांना तर हे अमेरिकन नाव परकं वाटायचं कारणच नव्हतं. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून कंपनीचा कारखाना त्यांच्या लालबहादूर शास्त्री मार्गावरच होता.

ग्राहकांच्या चळवळी आंतरराष्ट्रीय व्यापारातल्या कंपन्यांना कशा हलवतात, हा पुढच्या पानांचा विषय आहे. तो जागतिक व्यापार संघटनेच्या जिनिव्हापासून किंवा तिच्याविरुद्ध निदर्शनं झालेल्या सिएटलपासून सुरू करता आला असता. पण मला त्या पांढऱ्या डब्यापासून सुरुवात करावीशी वाटते, कारण त्या एका डब्याने हा सगळा विषय दोन-तीनदा उलटासुलटा करून दाखवला आहे.

२००७ साली मुलुंडच्या कारखान्यात पावडरच्या पंधरा बॅच इथिलीन ऑक्साइड वायूने निर्जंतुक करण्यात आल्या. हा वायू जंतू मारतो, पण तो कर्करोगकारकही आहे, म्हणून मालात त्याचा अंश उरलेला नाही ना हे तपासावं लागतं. ती तपासणी झालीच नाही, असा महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाचा आक्षेप होता. कारखान्याचा सौंदर्यप्रसाधनांचा परवाना रद्द करण्याचा आदेश निघाला २०१३ मध्ये. ज्या बाळांना ती पावडर लागली असेल, ती तोवर शाळेत जाऊ लागली होती. कंपनीने आदेशाविरुद्ध दाद मागितली आणि पुढच्या वर्षांतही मुलुंडची पावडर बाजारात येत राहिली. २००७ ते २०१३ या सहा वर्षांत मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या एखाद्या आईला काही कळलं असेल, तर ते वर्तमानपत्रातून आणि एका दिवसापुरतं.

त्याच काळात अमेरिकेत याच पावडरवरून वेगळाच वाद पेटत होता. टाल्क हे खनिज जमिनीतून निघतं आणि ॲस्बेस्टॉसचे थर कधी कधी त्याच्या शेजारीच असतात. वर्षानुवर्षं पावडर वापरल्याने आपल्याला अंडाशयाचा कर्करोग झाला, असं म्हणत हजारो स्त्रिया कोर्टात गेल्या. जुलै २०१८ मध्ये मिसूरी राज्यातल्या सेंट लुई शहरातल्या ज्यूरीने बावीस स्त्रियांच्या खटल्यात ४.६९ अब्ज डॉलर भरपाईचा निकाल दिला. अपिलात ती रक्कम कमी होऊन २.१२ अब्जांवर आली, पण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये त्यात हात घालायला नकार दिला. डिसेंबर २०१८ मध्ये रॉयटर्सने कंपनीची जुनी अंतर्गत टिपणं छापली. ही टिपणं बाहेर आली ती बरीचशी खटल्यांमुळेच. कारण तिथे दाव्याच्या ओघात समोरच्या पक्षाला आपली दप्तरं उघडावी लागतात. आपला टाल्क सुरक्षित आहे आणि त्यात ॲस्बेस्टॉस नाही, हे कंपनीचं म्हणणं आजतागायत बदललेलं नाही. तरीही मे २०२० मध्ये तिने अमेरिका आणि कॅनडात टाल्कची पावडर विकणं थांबवलं. मग बाकीच्या जगाने काय पाप केलं, असं विचारणारा ठराव एप्रिल २०२२ मध्ये भागधारकांच्या सभेत आला, तो पडला. ऑगस्टमध्ये कंपनीने आपणहून जाहीर केलं की २०२३ पासून जगभर टाल्क बंद, त्याऐवजी मक्याचं पीठ.

आणि आता मुलुंड. रॉयटर्सच्या बातमीनंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी मुलुंड आणि हिमाचलातल्या बद्दीच्या कारखान्यांचं उत्पादन तपासणीसाठी थांबवलं, ॲस्बेस्टॉस सापडलं नाही, आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये काम पुन्हा सुरू झालं. त्याच सुमारास पुणे आणि नाशिकहून राज्याच्या प्रशासनाने नमुने उचलले होते. त्यांचा सामू ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त निघाला, या कारणाने मुलुंडचा परवाना रद्द झाला सप्टेंबर २०२२ मध्ये. म्हणजे जगभर ही पावडर बंद होणार हे कंपनीने सांगून महिना उलटल्यावर! कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली, न्यायालयाने नव्याने तपासण्या करवल्या, त्यात माल योग्य ठरला, आणि ११ जानेवारी २०२३ रोजी सरकारी आदेश रद्द झाले. नमुने घेऊन इतकी वर्षं काय केलं, हा न्यायालयाचा प्रश्न होता आणि तो रास्त होता.

मला यातली गंमत अशी वाटते, गंमत म्हणणं बरं नव्हे पण दुसरा शब्द सुचत नाही, की मुलुंडच्या बाळाच्या अंगावर टाल्क असावा की मका, हे अखेर ठरलं मिसूरी राज्यातल्या बारा माणसांच्या खोलीत. मुलुंडच्या ग्राहकाने तक्रार केली नव्हती, मोर्चा काढला नव्हता. इथल्या सरकारने जो आरोप ठेवला तो भलताच होता आणि टिकलाही नाही. आपल्याकडे ज्यूरी म्हटलं की अजूनही मुंबईत ज्यूरीपुढे चाललेला नानावटी खटला आठवतो. पुढे ती पद्धतच गेली. शिवाय अमेरिकेत वकील भरपाईतल्या वाट्यावर खटला लढवू शकतो, त्यामुळे पदरचे पैसे घालून हजारो दावे गोळा करणं हा तिथे धंदा आहे. आपल्या वकिलांना तसा वाटा घ्यायला बंदी आहे. बंदीमागचा विचार चांगला आहे, पण परिणाम असा की एकट्या ग्राहकाचा राग मोठ्या कंपनीच्या दारापर्यंत वाहून नेणारा हमाल आपल्याकडे मिळत नाही.

हाच तो तिसरा माणूस. या विषयावरचं वाचताना मला हळूहळू पटत गेलं की ग्राहक आणि कंपनी अशी कुस्ती जगात कुठेच होत नाही. ग्राहक चिडतो, पण चिडलेला ग्राहक कंपनीला दिसतच नाही. तो हजारो मैलांवर, हजारो दुकानांच्या मागे असतो. कंपनीला दिसतो तो मधला माणूस: आयातदार, घाऊक खरेदीदार, निरीक्षक, न्यायाधीश, विमावाला. ग्राहकाची चळवळ त्याला वळवू शकली की कंपनी हलते, नाहीतर घोषणा हवेत विरतात.

हे मुंबईला नवीन नाही. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहात विलेपार्ल्याला छावणी पडली, जमनालाल बजाज, किशोरलाल मश्रूवाला तिथूनच तुरुंगात गेले. पण त्या वर्षी शहराने जी गोष्ट मँचेस्टरच्या कापडधंद्याला खऱ्या अर्थाने झोंबवली, ती परदेशी कापडावरच्या बहिष्काराची होती. दुकानांसमोर बायका दिवसचे दिवस उभ्या राहत. गिऱ्हाइकाला अडवणं हा त्याचा दिसणारा भाग. खरा घाव बसला तो कापडबाजारातल्या आडत्यांवर आणि दलालांवर. बाजारात माल उठत नाही आणि वर शेजाऱ्यापाजाऱ्यांत नाचक्की, म्हटल्यावर त्यांनी नवी मागणी नोंदवणंच सोडलं. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीत परदेशी कापडाने भरलेल्या लॉरीसमोर बाबू गेनू आडवा झाला तो नेमका याच साखळीच्या मधल्या कडीवर, बाजारातून माल बाहेर नेणाऱ्या गाडीसमोर. आंबेगाव तालुक्यातल्या महाळुंगे पडवळ गावचा, गिरणीत काम करणारा हा तरुण विशीतच होता.

या बहिष्काराची दुसरी बाजू आपण शाळेत शिकत नाही. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधी लँकेशायरला गेले, डार्वेन गावाजवळ राहिले, आणि ज्यांच्या गिरण्या बंद पडल्या होत्या अशा कामगारांना भेटले. बहिष्कार घातला होता व्यापारावर. चूल विझली होती विणकरांची. गांधींना तिथे शिव्या पडल्या नाहीत, उलट गर्दीने स्वागत झालं, हे प्रसिद्ध आहे. पण हिशेब बदलत नाही. बहिष्काराचं बिल कंपनीच्या नावाने फाडलं जातं आणि ते भरतो भलताच कोणीतरी, हा धागा पुढे अंधेरीतही सापडेल.

जाता जाता पार्ल्याचं आणखी एक. स्वदेशीच्या त्याच हवेत, १९२९ मध्ये, मोहनलाल चौहान यांनी पार्ल्यात गोळ्यांचा कारखाना काढला, आणि पुढे बिस्किटांच्या वासाने स्टेशन ओळखू यावं इतका तो मोठा झाला. त्याची यंत्रं मात्र जर्मनीहून आली होती. स्वदेशीतही परदेशी काय चालेल आणि काय नाही, हे ग्राहक नेहमीच सोयीने ठरवत आला आहे. ‘पार्ले-जी’ चहात बुडवताना यंत्राचं गोत्र कुणी विचारलं नाही.

स्वातंत्र्यानंतर उपनगरांतली ग्राहकांची चळवळ बायकांनी उभी केली, आणि तिचं हत्यार लाटणं होतं. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली. गोरेगावच्या मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी. एक समाजवादी तर दुसरी कम्युनिस्ट, पण तेल, रॉकेल, साखर सगळ्यांच्याच घरी संपलेली. लाटणं घेऊन निघणाऱ्या या मोर्च्यांचा तिसरा माणूस सरकार होतं, कारण भाव आणि कोटा सरकारच्या हातात. परदेशी कंपनीशी त्यांचं देणंघेणं नव्हतं. पण रेशनच्या रांगेत उभी राहणारी बाई एकटी नाही, हे त्यांनी मुंबईला दाखवलं.

त्यापुढची पायरी मला जास्त विलक्षण वाटते, आणि तिच्याविषयी लिहिलं गेलं आहे त्यापेक्षा बरंच जास्त लिहायला हवं. बिंदुमाधव जोशींनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, पुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. संगीतकार सुधीर फडक्यांचा त्या कामात सहभाग होता. दादरा-नगरहवेलीच्या मुक्तिसंग्रामातले हे दोन जुने साथी. पंचायतीचं ग्राहक भवन विलेपार्ल्यात, कूपर हॉस्पिटलच्या मागे. पद्धत साधी: शेजारपाजारची काही कुटुंबं मिळून एक संघ करायचा, महिन्याच्या सामानाची यादी एकत्र द्यायची, संस्था ते घाऊक भावात, पारखून खरेदी करणार, आणि ठरल्या दिवशी कुणाच्या तरी दिवाणखान्यात किंवा सोसायटीच्या जिन्याखाली वाटप. ‘आमचं वितरण उद्या आहे’ हे वाक्य पार्ले, बोरिवली, मुलुंडच्या कित्येक घरांनी महिनोन्‌महिने उच्चारलं आहे. तीस हजारांवर कुटुंबं अशी जोडली गेली. बारकाईने पाहिलं तर या लोकांनी तिसऱ्या माणसाला वळवण्याच्या भानगडीत न पडता ती जागाच पटकावली. घाऊक खरेदीदार तेच झाले. आणि हीच संस्था पुढे ग्राहकांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य होऊन परदेशातल्या व्यासपीठांवरही बोलू लागली. तूरडाळीच्या वाटपापासून तिथवरचा हा प्रवास आपल्याच गल्लीतून झाला आहे.

मग एवढी जागरूक उपनगरं असूनही मुलुंडच्या डब्याबाबत आपण बघेच का राहिलो? मला वाटतं, आपली चळवळ भाव, वजन आणि भेसळ यांत तरबेज झाली. डोळ्यांना दिसणारी खोट ती पकडते. २००३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईत कॅडबरीच्या चॉकलेटमध्ये अळ्या निघाल्या, अन्न व औषध प्रशासनाने ते जाहीर केलं, ऐन दिवाळीत खप कोसळला. काही महिन्यांतच कंपनीने वेष्टण बदललं आणि अमिताभ बच्चनना समोर आणलं. अळी दिसते. वीस वर्षांनी होणारा कर्करोग दिसत नाही, आणि रक्तात उतरणारा धातू तर नाहीच.

धातूची गोष्ट जॉन्सन अँड जॉन्सनच्याच कंपनी-समूहाची आहे. डीप्यू या उपकंपनीचे ‘एएसआर’ नावाचे खुब्याचे कृत्रिम सांधे ऑगस्ट २०१० मध्ये जगभरातून परत मागवले गेले. जगात सुमारे ९३ हजार रुग्णांना ते बसवले होते, भारतात सुमारे ४,७०० शस्त्रक्रिया झाल्या होत्या. धातूवर धातू घासून कोबाल्ट आणि क्रोमियमचे कण शरीरात उतरत, काहींना पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागे. आपल्याकडे तक्रार पहिल्यांदा लावून धरली ती महाराष्ट्राच्याच अन्न व औषध प्रशासनाने. अमेरिकेत २०१३ च्या नोव्हेंबरमध्ये सुमारे आठ हजार रुग्णांसाठी सुमारे अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली. माणशी मूळ भरपाई अडीच लाख डॉलरच्या आसपास. भारतात केंद्राची समिती नेमायला २०१७ उजाडलं. २०१८ च्या अखेरीस सरकारने ३० लाख ते १ कोटी २३ लाखांचं सूत्र ठरवलं, कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली, आणि मे २०१९ मध्ये ६७ रुग्णांना प्रत्येकी २५ लाख द्यायला तयार झाली. सांधा तोच, कंपनी तीच. खुब्याचा भाव मात्र रुग्ण कुठल्या देशाच्या पारपत्रावर चालतो यावर. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष मालाबद्दल उत्पादकावर दायित्व टाकणारं वेगळं प्रकरण आहे, तो कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. वांद्र्याला उपनगर जिल्हा आयोगाच्या पायऱ्या चढणाऱ्याला त्याचा किती उपयोग होईल, हे पुढच्या काही वर्षांतल्या निकालांवरून कळेल.

ग्राहक जिंकला तरी व्यापार कसा उलटतो, हेही वैद्यकीय उपकरणांतच दिसलं. हृदयातल्या स्टेंटच्या बेफाट किमतींविरुद्धच्या याचिकेतून फेब्रुवारी २०१७ मध्ये कमाल किंमत ठरली, औषधलेपित स्टेंट तीस हजारांच्या आत आला. अंधेरीच्या मध्यमवर्गीय घरात बायपास-अँजिओप्लास्टीचा खर्च हा कौटुंबिक बैठकीचा विषय असतो, त्यामुळे हा आनंद सगळ्यांनी अनुभवला. तिकडे अमेरिकेतल्या उपकरण-उत्पादकांच्या संघटनेने आपल्या सरकारकडे तक्रार केली. तिथल्या दूधवाल्यांचीही वेगळी तक्रार होती. जून २०१९ मध्ये भारताला मिळणारी आयातशुल्काची सवलत अमेरिकेने काढून घेतली. स्टेंट स्वस्त झाला रुग्णाला, आणि त्या भांडणाची झळ लागली अशा छोट्या निर्यातदारांना, ज्यांचा हृदयाशी काही संबंध नव्हता.

आता दिशा उलटी करू. आजवर आपण ग्राहक होतो. अंधेरी पूर्वेच्या सीप्झमध्ये आपण विक्रेते आहोत. १९७३ मध्ये निर्यातीसाठी उभं राहिलेलं हे कुंपणातलं गाव. विरार, नालासोपारा, डोंबिवलीहून सकाळची गाडी पकडून येणारे कारागीर इथे जे दागिने जडवतात, ते न्यूयॉर्क-लंडनच्या काचेमागे जाऊन बसतात. १९९८ मध्ये ग्लोबल विटनेस या ब्रिटिश संस्थेने अंगोलाच्या यादवी युद्धाला हिऱ्यांचा पैसा कसा पुरतो, हे मांडलं. पाश्चात्त्य ग्राहक अंगठी घेताना ‘हा रक्ताचा तर नाही?’ असं विचारू लागला, किंवा विचारील या भीतीने सराफ आधीच घाबरले. व्यापारात दोन्ही सारखंच. २००३ पासून किंबर्ली प्रक्रिया लागू झाली. कच्चा हिरा दाखल्याशिवाय सीमा ओलांडेना. भारतात त्याचं काम रत्न आणि आभूषण निर्यात संवर्धन परिषदेकडे आलं, आणि पैलू पाडलेल्या मालाच्या बिलावर ‘हे हिरे वैध स्रोतांतून आलेले आहेत’ अशा अर्थाची ओळ छापली जाऊ लागली. एका परदेशी गिऱ्हाइकाच्या मनातली शंका मुंबईच्या हिरेबाजारातल्या बिलावर उमटली ती अशी.

पण याच ग्लोबल विटनेसने २०११ मध्ये झिम्बाब्वेच्या हिऱ्यांवरून किंबर्ली प्रक्रियेतून अंग काढून घेतलं. दाखला आहे म्हणजे प्रश्न मिटला, असं बाजाराने धरलं होतं. ज्यांनी प्रश्न उपस्थित केला त्यांनाच ते मान्य नव्हतं. आणि सीप्झमधल्या कारागिराला यात कुणी विचारलं? खडा कुठून आला हे त्याला माहीत नसतं, सांगितलंही जात नाही. परदेशात मागणी पडली की ओव्हरटाइम आधी जातो, मग नोकरी. डार्वेनचा विणकर आणि नालासोपाऱ्याचा कारागीर यांच्यात शंभर वर्षांचं अंतर नाही.

एप्रिल २०२४ मध्ये इथिलीन ऑक्साइड पुन्हा बातमीत आला. हाँगकाँगच्या अन्नसुरक्षा केंद्राने दोन नामवंत भारतीय कंपन्यांचे काही मसाले विक्रीतून काढायला लावले, मागोमाग सिंगापूरने एक मसाला परत मागवला. त्याआधी, २०२० मध्ये, युरोपात भारतीय तिळात हाच वायू सापडून ब्रेडपासून बिस्किटांपर्यंत माल मागे घ्यावा लागला होता. भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने देशातल्या मसाल्यांचे नमुने तपासले, त्यात हा वायू आढळला नाही असं जाहीर केलं. मसाले मंडळाने सिंगापूर आणि हाँगकाँगला जाणाऱ्या मालाची तपासणी सक्तीची केली.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीतल्या एका काकूंना सिंगापूरहून मुलीचा फोन आला होता. एरवी फोन उलट्या दिशेने जातो: कांदा-लसूण मसाला पाठवू का, भाजणी संपली का. या वेळी मुलगी आईला विचारत होती, घरात कुठलं पाकीट आहे, मागे काय लिहिलंय ते वाच. काकूंनी चष्मा लावला, पाकीट उलटंपालटं केलं. बॅच नंबर होता, तारीख होती, शाकाहारीची हिरवी खूण होती. ‘अगं, वायूबियूचं काही लिहिलेलं नाही,’ त्या म्हणाल्या. आणि मग, पाकीट फेकावं की ठेवावं ते न ठरवता, त्यांनी ते डब्यांच्या मागच्या रांगेत सरकवलं.